बरणीतलं आकाशबीज

जांभूळ गावच्या माळावरच्या मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. अवकाशानंद महाराजांनी चिमूटभर खडे काचेच्या भांड्यात सोडले आणि बघता बघता त्या नितळ पाण्यात निळ्या-हिरव्या फांद्या फुटल्या. बायांनी हात जोडले. पोरांनी मोबाइल उंचावले.

"पृथ्वीवर पहिला जीव कुठून आला? आकाशातून!" महाराज गरजले. "सायंटिस्ट लोक आत्ता बोलतायत, आम्ही सत्ययुगापासून बोलतोय! उल्केतून पडलेलं हे बीज. मेल्या पाण्यात जीव धरतंय, मग माउलींच्या कुशीत धरणार नाही?"

तो बाण नेमका मीनाला लागला. लग्नाला नऊ वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. महाराजांच्या शब्दावर तिने महिन्यापूर्वी बदलापूरच्या डॉक्टरीणबाईंचे उपचार सोडले होते. आज तिला ते पाणी उपाशीपोटी प्यायचं होतं. सोबत आलेल्या तिच्या वहिनीला, सुषमाला, त्या तुपट चेहऱ्याची शिसारी आली. बाईच्या दुखऱ्या जागी बोट घालून मेला दुकान मांडून बसला होता.

मीनाच्या हातात वाटी आली. "थांब गं," म्हणत सुषमाने ती ओढली, तेव्हा चार थेंब तिच्या बोटांवर सांडले. बुळबुळीत लागले. वाळल्यावर कातडीवर काचेसारखा पापुद्रा धरला. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या साबणाच्या कारखान्यातून परतल्यावर सुषमा अकरा वर्षं रोज हाच पापुद्रा नखांनी खरवडत आली होती.

"मीने, हे सिलिकेट आहे. साबणाचं वजन वाढवायला आमचा शेठ हेच ओततो."

"वहिनी, देवाच्या कामात खोट काढू नकोस ना!"

"उद्यापर्यंत थांब. माझी शपथ आहे तुला."

दुसऱ्या दिवशी सुषमा लोणच्याची काचेची बरणी घेऊन थेट व्यासपीठावर चढली. बरणीत पाणी घातलेलं सिलिकेट होतं. तिने पुडीतले खडे टाकले. निळ्या-हिरव्या फांद्या तशाच वर आल्या.

"हे मोरचूद आणि हिराकस. बदलापुरात खताच्या दुकानात मिळतं. आमच्या कारखान्यातल्या केमिस्टबाईंना विचारून आले. खड्याभोवती पापुद्रा धरतो, आत पाणी शिरतं, तो फुटतो, पुन्हा धरतो. म्हणून फांदी वाढते. यात जीव नाही. उलट पोटात गेलं तर माणसाचा जीव जाईल."

"तिचं बीज नकली, आपलं असली!" महाराज ओरडले.

"मग तुमची वाटी तुम्हीच प्या."

"आज आमचा निर्जळी उपास आहे."

त्यांच्या कोपराशी अर्धा प्यालेला चहा होता. आधी एक म्हातारी हसली, मग अख्खा मंडप. महाराज मागच्या कनातीतून सटकले.

घरी जाताना मीना रडत म्हणाली, "मग पहिला जीव आला कुठून?"

"इथेच झाला की वरून आला, कुणालाच पक्कं ठाऊक नाही. शोधतायत. केमिस्टबाई म्हणाल्या, माहीत नाही म्हणायला शास्त्राला लाज वाटत नाही."

"डॉक्टरीणबाईपण तेच म्हणाल्या होत्या. मूल होईलच असं सांगता येत नाही म्हणून." मीनाने डोळे पुसले. "म्हणून तर सोडलं त्यांना. हा खात्रीने बोलत होता गं."

"खात्री फुकट मिळते, मीने. कुणी दिली तर आधी पुरावा माग."

मीना वाटेतच थांबली. मग म्हणाली, "दवाखाना सकाळी किती वाजता उघडतो?"