उरलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी नळी आहे. बोटभर लांब, आतून पोकळ, दिसायला अगदीच सामान्य. मेकॅनिक लोक मला स्पेसर म्हणतात. बाकीचे लोक मला काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांनी मला पाहिलेलेच नसते.

कारखान्यात एका लांबलचक पाइपातून मला कापून काढले आणि मोटरसायकलच्या पुढच्या चाकात बसवले. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग ठोकले. बेअरिंग म्हणजे दोन कड्या आणि त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या गोळ्या. त्यांच्या जिवावर चाक फिरते. आम्हा तिघांच्या पोटातून चाकाचा दांडा जातो. त्याचा नट आवळला की दोन्ही बेअरिंग एकमेकांच्या अंगावर धावून जायला बघतात. मी मध्ये उभी राहते. भावकीत मध्ये उभे राहणाऱ्याला जे मिळते तेच मला मिळाले: दोन्हीकडून दाब, आणि आभार कोणाचेच नाहीत.

आमचे मालक म्हणजे घरातले बाबा. त्यांची सगळी नोकरी पुलांचे नकाशे तपासण्यात गेली. पुढे जे पाहिले त्यानंतर मला त्या पुलांची फार काळजी वाटते. त्यांनी गाडी जपली मात्र मनापासून. रोज पुसायचे. पाहुणे टाकीच्या रंगाचे कौतुक करायचे, हॉर्नचेही करायचे. मी अंधारात दाब सोसत होते.

वर्षे गेली. बेअरिंगच्या गोळ्या झिजल्या, चाक घरघरू लागले. आई म्हणाली, "अहो, गाडीवर दळण टाकलंय का?"

"दमदार आवाज आहे तो. जुन्या गाड्यांचाच असतो," बाबा म्हणाले.

पण लेकीला टेकडीखालच्या छापखान्यात पुस्तकांची चित्रे काढायची नोकरी लागली आणि उताराच्या रस्त्याने रोज गाडी न्यायची वेळ आली, तेव्हा बाबांनाही तो आवाज दमदार वाटेना. ते नवी बेअरिंग घेऊन आले आणि अंगणात पोते अंथरून बसले.

मित्रांनो, या घराची एक रीत होती. दुरुस्ती बाबाच करत, आणि ते कामाला बसले की कोणी चकार शब्द काढायचा नाही. कोणी काही विचारले की ते पाना खाली ठेवत आणि म्हणत, "तू कर मग." त्यामुळे सगळे गप्प बसायला शिकले होते. दुसरी रीत याहून थोर. दुरुस्तीनंतर काही ना काही उरायचेच. ते एका पत्र्याच्या डब्यात जायचे आणि बाबा अभिमानाने सांगायचे, "कंपनीवाले जास्तीचं घालतात. आपण कमी सामानात चालवून दाखवलं." मिक्सर, घड्याळ, इस्त्री, सगळ्यांचे थोडे थोडे अवशेष त्या डब्यात होते.

त्यांनी हातोडीने जुनी बेअरिंग काढली आणि मी पोत्यावर घरंगळले. कारखान्यानंतर पहिल्यांदाच ऊन पाहिले. डोळे असते तर दिपले असते. बाबांनी एक नवे बेअरिंग ठोकले, चाक उलटे केले आणि दुसरेही ठोकले. मी पोत्यावरच होते. आईने मला पाहिले. तोंड उघडले आणि मिटले.

नट आवळला तर चाक जड फिरू लागले. साहजिकच आहे; मध्ये कोणी नव्हते. बाबांनी थोडा विचार केला आणि नट सैल केला. चाक भिरभिरले.

"बघा! लोण्यासारखं!"

"आणि ही नळी?" शेवटी आईने विचारलेच.

"तीच ती, जास्तीची."

डबा आधीच गच्च भरला होता, म्हणून मी खिडकीत गेले. आईने माझ्यात शिवणाच्या सुया खोचून ठेवल्या. तिथून मला सगळे दिसत होते: अंगण, फाटक, आणि माझ्याशिवाय उभे असलेले ते चाक. हाक मारावी तर कशाने?

पहिल्या दिवशी लेक परत आली ती मनगटे चोळतच. "बाबा, हँडल थरथरतं हो. उतारावर तर फार."

"नवीन बेअरिंग आहेत. नवीन माणसालासुद्धा घरात रुळायला वेळ लागतो."

"ते माणसाचं झालं. हे चाक आहे."

"तू कर मग."

ती हसली, पण तिच्या चेहऱ्यावरचे हसू लवकर ओसरले. दुसऱ्या सकाळी तिने हेल्मेट घातले, चित्रांची गुंडाळी पाठीला बांधली आणि ती गेली. फाटकातून वळताना चाक किंचित डगमगले. ते फक्त मी पाहिले.

थोड्या वेळाने आई शिवायला बसली. सुई काढताना तिने मला उचलले आणि उजेडात धरले. माझे अंग काळवंडलेले आहे, पण दोन्ही टोके बेअरिंगला टेकून टेकून आरशासारखी झाली आहेत. ती बराच वेळ त्या टोकांवरून बोट फिरवत राहिली. मग उठली आणि पेपर वाचणाऱ्या बाबांसमोर मला ठेवले.

"अहो, जिला काही काम नव्हतं, ती दोन्हीकडून एवढी घासली कशी?"

बाबांनी मला हातात घेतले. एका टोकाकडे पाहिले, दुसऱ्या टोकाकडे पाहिले. पेपर खाली पडला. त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आई फाटकात जाऊन उभी राहिली.

फोन आला तो दवाखान्यातून. उतारावर चाक अडकले होते. लेक वाचली. डावे मनगट मोडले. ती डाव्या हाताने चित्रे काढते.

ती प्लास्टर घालून घरी आली तेव्हा बाबांनी माफी मागितली नाही. तसले शब्द त्यांना जमत नाहीत. त्यांनी तो पत्र्याचा डबा आणून आईसमोर पालथा केला आणि म्हणाले, "विचार."

आई एकेक वस्तू उचलू लागली. "हे कशाचं?"

"घड्याळाचं असेल."

"हे?"

"इस्त्रीचं... बहुतेक."

मग तिने एक जाडजूड बोल्ट उचलला. हळूहळू बाबांची मान वर गेली. मग आईची, मग लेकीची. वर छताला पंखा जोरात फिरत होता.

लेकीने उजव्या हाताने बटण बंद केले. उकाड्यातही त्या दिवशी तो कोणी पुन्हा लावला नाही.

गाडी टेम्पोतून घरी आली. आता बाबांनी चाक पुन्हा उघडले आहे. बेअरिंग जळून निळी पडली आहेत. नवी आणली आहेत. लेक शेजारी बसून प्रत्येक गोष्ट विचारते आहे आणि बाबा पाना खाली न ठेवता उत्तर देत आहेत. माहीत नसेल तर तसे सांगत आहेत. हे त्यांना फार कठीण जात आहे. छापखान्याने तिची जागा किती दिवस राखून ठेवायची ते अजून कळवलेले नाही. तिची बोटे प्लास्टरमधून बाहेर दिसतात, आणि ती अधूनमधून हवेत एखादी रेघ ओढून पाहते.

मित्रांनो, काम झाल्यावर काही उरले तर मिरवू नका. ते कुठले, ते विचारा. आणि घरात कोणी विचारले, तर त्याला गप्प करू नका.

आता माझी पाळी आली आहे. लेकीने मला उचलून बाबांच्या हातात दिले आहे. थोड्या वेळाने मी पुन्हा अंधारात जाईन, दोघांच्या मध्ये उभी राहीन, आणि मला कोणी पाहणार नाही. तेच बरे. मी कधी दिसलेच, तर समजा, काहीतरी चुकले आहे.