एकादशी करणारं यंत्र

यंत्र एकादशी करतं, ही बातमी अहिल्याबाई घाटावरून सकाळी निघाली आणि दुपारी रामनगरहून माणसांनी लदलेल्या नावा इकडे येऊ लागल्या. साल शहाण्णव. काशीत तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे बँकेतली वस्तू. काचेच्या खोलीत असायची आणि बहुधा बिघडलेली असायची. हा कॉम्प्युटर मात्र घाटावरच्या गल्लीत, एका लस्सीवाल्याच्या माडीवर बसला होता. नाव बृहस्पती. मराठीत विचारा, मराठीत उत्तर. हिंदीत विचारा, हिंदीत. संस्कृतात विचारलंत तर विचारणाऱ्यालाच घाम फुटेल असं उत्तर. जिन्यावर गर्दी एवढी की खाली लस्सीवाल्याने रवी बाजूला ठेवली होती. जिना हलायचा तेवढ्यावर दही आपोआप घुसळलं जायचं.

"जय हो कम्प्यूटर बाबा की!" खालून कोणी ओरडायचं.

गल्लीतल्या इंदूकाकूंनी हरवलेल्या नथीबद्दल विचारलं होतं. पडद्यावर एकेक अक्षर उमटत उत्तर आलं : 'देवघरात शोधा. न सापडल्यास पुन्हा शोधा.' काकू अजून शोधत होत्या, पण श्रद्धा तसूभर ढळली नव्हती. "देवघरात म्हणालं बाई! त्याला कसं कळलं आमच्याकडे देवघर आहे ते?"

आणि हे यंत्र संस्कारीही होतं. सूर्य मावळताना ते थोडा वेळ गप्प व्हायचं. एकादशीला उत्तरं आखूड, ओढल्यासारखी द्यायचं. द्वादशीला सकाळी पारण्याच्या वेळेनंतर अशी फक्कड उत्तरं द्यायचं की विचारू नका.

यंत्राचा धनी होता अनिमेष राजहंस. मूळचा नागपूरचा, आता कॅलिफोर्नियाचा, असं तोच सांगायचा. गळ्यात टाय, कपाळाला गंध. माडीच्या मध्यभागी फ्रिजएवढं लोखंडी खोकं, त्यावर लाल-हिरवे दिवे लुकलुकताहेत, समोर टेबलावर पडदा आणि कळफलक. खोक्यातून मनगटाएवढी जाड तार निघून मागच्या बंद दाराखाली शिरलेली. त्या दाराआड थंड खोली.

"आत बृहस्पतीचा मेंदू आहे," अनिमेष हात जोडून सांगायचा. "एक केस पडला तरी मेंदू करपेल. म्हणून आत मीसुद्धा जात नाही. आणि काका, मी तुमच्याकडे कर्ज मागत नाही, देणगी तर नाहीच. याला म्हणतात व्हेंचर कॅपिटल. धाडसाचं भांडवल! अमेरिकेत पोरं मोटारीच्या शेडमध्ये बसतात, भांडवलवाला येतो, पाठ थोपटतो, आणि दोन वर्षांत शेडचा महाल होतो. ही पहिली फेरी आहे. दुसऱ्या फेरीत हाच हिस्सा दुप्पट भावाने मिळेल. तिसऱ्या फेरीत तुम्ही माझ्याकडे याल आणि मी तुम्हाला ओळखणार नाही!"

लोक खदखदून हसायचे आणि खिशात हात घालायचे. ज्यांनी आधी पैसे टाकले होते त्यांना महिन्याच्या महिन्याला परतावा मिळत होता, त्यामुळे शंका घेणारा मूर्ख ठरायचा.

सध्या गल्लीत मूर्ख एकच होती. मृणालिनी.

ती मुलींच्या इंटर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. नवरा श्रीराम भोसले घाटाजवळ छापखाना चालवायचा. पंचांगं, मुंजीच्या पत्रिका, सत्यनारायणाच्या पोथ्या, सगळं एका जुन्या ट्रेडल मशीनवर. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायलाही तोच. घर चालायचं ते तिच्या पगारावर आणि त्या मशीनच्या खडखडाटावर. आणि श्रीरामने रामनगरच्या एका व्यापाऱ्याशी ते मशीन विकायचा सौदा ठरवला होता. पैसा जाणार होता बृहस्पतीत.

"कंपनी विकते काय?" मृणालिनीने ताटावरून विचारलं.

"अगं, विकत काहीच नाही. म्हणून तर एवढी मोलाची! विकायला लागली की भाव ठरतो. आत्ता भावाला आभाळही पुरत नाही."

"नफा?"

"तोटा आहे. आणि वाढतोय!" श्रीराम अभिमानाने म्हणाला. "अनिमेष म्हणतो, तोटा वाढतोय म्हणजे वाढ चालू आहे."

"अहो, मग आपल्या छापखान्याचा तोटा वाढायचा तेव्हा तुम्ही तोंड पाडून का बसायचात?"

"तो जुन्या पद्धतीचा तोटा होता," श्रीराम म्हणाला आणि भाताला हात घातला.

अडचण एकच होती. छापखाना मृणालिनीच्या नावावर होता. तिच्या सहीशिवाय मशीन हलत नव्हतं.

"एक करू," ती म्हणाली. "मला एकदा पारखू द्या. पारखून खरं निघालं तर मी स्वतः सही करते, आणि वर पेढे वाटते."

दुसऱ्या दिवशी ती माडीवर गेली. पाणी किती अंशाला गोठतं, असं तिने कळफलकावर विचारलं. उत्तर बरोबर आलं. मग तिने टाईप केलं : 'चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले तर आधी काय पडेल?'

पडदा बराच वेळ कोरा राहिला. मग अक्षरं आली, दोन पुसली गेली, पुन्हा आली : 'चंद्रावर हातोडा नेण्याचे प्रयोजन काय?'

गर्दी लोटपोट झाली. "बघा! मास्तरणीला उलट विचारलं! आहे का असं यंत्र दुसरीकडे?"

मृणालिनीही हसली, पण ती पुसल्या गेलेल्या अक्षरांकडे बघत होती. चुकीची कळ दाबली की माणूस जसं मागे जाऊन पुसतो, तसं पुसलं होतं. मग तिने पुरणाची डाळ कशी शिजवावी ते विचारलं. दुपारचे बारा वाजले होते. बृहस्पतीने असं भरभरून, वेलदोड्यासकट, तुपाच्या धारेसकट उत्तर दिलं की वाचणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. हातोड्याला पाच शब्द आणि पुरणाला पडदाभर!

ती तिथून थेट ढुंढिराजगुरुजींकडे गेली. काशीतल्या मराठी घरांची कार्यं करणारे हे वयोवृद्ध वैदिक. यंत्राने त्यांचे निम्मे यजमान पळवले होते.

"गुरुजी, आत माणूस आहे. आणि तो तुमच्यातला आहे. संध्या करतो, एकादशी करतो, आणि जेवायला उशीर झालेला त्याला सोसत नाही."

"मग दार फोडू."

"दार फोडलं तर अनिमेष म्हणेल, तुमच्या श्वासाने मेंदू करपला. माणूस आपण होऊन बाहेर आला पाहिजे. रविवारी कंपनीचा शुभारंभ आहे. तुम्ही पुण्याहवाचन सांगा. यजमान म्हणेल, पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु, म्हणजे दिवस शुभ आहे असं आपण म्हणावं. आणि तुम्ही सगळे गप्प बसा."

गुरुजींचा चेहरा पडला. "गप्प? अगं मुली, माझ्या लग्नात मंगलाष्टकंसुद्धा मीच म्हटली होती."

"तुम्ही गप्प बसलात तरच आतल्याला राहवणार नाही. आत कोणी नसेल तर उत्तर येणार नाही, माझं हसं होईल आणि मशीन रामनगरला जाईल. तेवढी तयारी ठेवून आले आहे."

गुरुजींनी थोडा विचार केला. यजमानाने हाक घालावी आणि ब्राह्मणाने उत्तर देऊ नये, हे त्यांच्या हयातीत घडलं नव्हतं. "कठीण आहे," ते म्हणाले. "पण करून बघू."

रविवारी माडीवर मुंगीला जागा नव्हती. अनिमेष टायवर उपरणं घेऊन पाटावर बसला होता. श्रीराम शेजारी, नवा सदरा घालून. रामनगरचा व्यापारी, सही होताच मशीन न्यायला, खाली हातगाडी लावून थांबलेला. गुरुजींनी बरोबरच्या ब्राह्मणांना बजावलं होतं : जो तोंड उघडेल, त्याची दक्षिणा बंद.

ही हाक तीनदा घालायची आणि ब्राह्मणांनी तिला तीनदा उत्तर द्यायचं असतं. एकदा हळू, एकदा मध्यम, एकदा मोठ्याने. गुरुजींनी सांगितलं, अनिमेष अडखळत म्हणाला, "पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु."

सगळं शांत. ब्राह्मण छताकडे बघू लागले. गुरुजींच्या कपाळावरची शीर ताडताड उडत होती.

"पुन्हा म्हणा."

"पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु."

थंड खोलीत कोणी तरी खाकरल्यासारखं झालं. अनिमेष दचकला. "झालं ना गुरुजी? पुढचं घ्या."

"हाकेला उत्तर आल्याशिवाय पुढचं कसं घेणार? मोठ्याने म्हणा."

"पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु!"

आणि बंद दाराआडून, लस्सीवाल्याच्या गल्ल्यातली नाणी थरथरावीत अशा खणखणीत आवाजात उत्तर आलं, "अस्तु पुण्याहम्!"

 मग इंदूकाकू किंचाळल्या, "यंत्र बोललं ग बाई!"

"बोललं! बाबा बोले!" सगळी गर्दी हात जोडून उभी राहिली. अनिमेष गांगरला होता, पण गडी पक्का. दोन्ही हात वर करून तो ओरडला, "हेच! हेच मी आज जाहीर करणार होतो! बृहस्पतीला वाचा फुटली! दुसरी फेरी आत्तापासून सुरू! भाव दुप्पट!"

श्रीरामने बायकोकडे वळून बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते. "आता तरी सही कर ग."

 मृणालिनी लोखंडी खोक्यामागे गेली आणि तिने भिंतीतली पिन उपटली. लाल-हिरवे दिवे विझले. पडदा काळा झाला.

"गुरुजी, पुढचं सांगा," ती म्हणाली.

गुरुजींनी आता अनिमेषची वाट पाहिली नाही. स्वतःच हाक घातली, "ऋद्धिं भवन्तो ब्रुवन्तु!"

"कर्म ऋध्यताम्!" विझलेल्या यंत्राने दणदणीत उत्तर दिलं.

गर्दीतले जोडलेले हात हळूहळू सुटले.

"बॅटरी!" अनिमेष म्हणाला. "आत बॅटरी आहे!"

"असेल," गुरुजी म्हणाले. "पण उत्तर देणारा ब्राह्मण समोर नाही, म्हणजे विधी अपुरा. आता गणपतिपूजनापासून सगळं पुन्हा करावं लागणार. जेवणं संध्याकाळी."

"नको हो, नको! पहिल्यापासून नको!" थंड खोलीचं दार धाडकन उघडलं. पंचा नेसलेला, अंगावर घोंगडी पांघरलेला, थंडीने नाक लाल झालेला एक माणूस बाहेर आला. "मी आहे इथे. मीच उत्तर दिलं. पुढचं म्हणा आणि पानं घ्या."

त्याचं नाव विश्वेश. ग्वाल्हेरकडचा वैदिक. वेदाने पोट भरेना म्हणून टायपिंगची परीक्षा दिलेला, पण तिनेही ते भरलं नव्हतं. त्याच्या खोलीत दुसरा पडदा होता, दुसरा कळफलक होता आणि मधे एक तार. बाहेर लिहिलेलं आत दिसायचं, आत लिहिलेलं बाहेर. मृणालिनीने फ्रिजएवढ्या खोक्याचं झाकण काढलं. आत दिवाळीच्या दिव्यांची माळ होती आणि घरघर यावी म्हणून एक टेबलफॅन.

"अहो, तुम्ही वेदवेत्ते! लोकांना फसवायला बसलात?" गुरुजींनी विचारलं.

"फसवायला?" विश्वेश गोंधळला. "यांनी सांगितलं, यंत्र लहान आहे, शिकतंय. तोवर उत्तरं तुम्ही द्या, तुमचं पाहून ते शिकेल. मी रोज सकाळी त्याच्याशी बोलतो हो. म्हणतो, बाळा, काही समजतंय का? अजून तरी काही बोललं नाही."

कोणी हसलं नाही. मग श्रीरामच पहिल्यांदा हसला. तो हसता हसता खाली पाटावरच बसला आणि डोळे पुसत राहिला, आणि मग सगळी माडी हसली.

"काका, ऐका तरी!" अनिमेष जिन्याकडे सरकत होता. "तिकडे सगळे असंच करतात! आधी पैसा येतो, मग बुद्धी येते!"

"इकडे आधी पैसा गेला, मग बुद्धी आली," श्रीराम म्हणाला.

परताव्याचं रहस्यही तिथेच फुटलं. आज आलेल्याचे पैसे काल आलेल्याला, उद्या येणाऱ्याचे आजच्याला. अनिमेष घाटाच्या पायऱ्या उतरून एका नावेत उडी मारून बसला. नाववाल्याने वल्हं उचललंच नाही. "कहाँ चलें बाबू? कैलिफोर्निया?" तोवर मागून लोक आले, आणि त्याला चौकीत नेऊन लोकांच्या थैल्या त्याच्याच बॅगेतून मोजून परत घेतल्या. रामनगरचा व्यापारी रिकामी हातगाडी ढकलत परत गेला. सोमवारी छापखान्यात मुंजीच्या पत्रिका निघायला लागल्या, आणि खिळे जुळवायला शेजारी विश्वेश बसला. ऱ्हस्व-दीर्घाला त्याच्याइतका पक्का माणूस श्रीरामला अख्ख्या काशीत मिळाला नसता.

इंदूकाकूंना मात्र वाईट वाटलं होतं. त्या मृणालिनीला घाटावर गाठून म्हणाल्या, "म्हणजे विचार करणारं यंत्र कधीच होणार नाही म्हण की."

"होईलसुद्धा, काकू. माणसाने आजवर काय काय केलंय! कदाचित तुमच्या नातवाच्या काळात खरंखुरं होईल."

"मग तेव्हा पैसे टाकायचे?"

"टाका ना, धाडस वाईट नसतं. पण टाकण्याआधी विचारायचं. हे चालतं कसं? पिन काढली तर काय होतं? उत्तर चुकलं तर कोण कबूल करतं? आणि जो म्हणेल की विचारू नका, आत बघू नका, श्रद्धा ठेवा, त्याला नमस्कार करायचा आणि घरी यायचं. मग तो भस्म लावून बसलेला असो, नाहीतर टाय."

काकूंनी मान डोलावली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि काय ग, त्या विश्वेशलाच विचारू का, नथ कुठे असेल?"

"विचारा," मृणालिनी म्हणाली. "पण आता तो तोंडावर सांगेल, मला माहीत नाही म्हणून. आणि काकू, त्या माडीवर मिळालेल्या सगळ्या उत्तरांपेक्षा ते उत्तर जास्त खरं असेल."