काळ्या पाषाणाखाली

खेमाला दगडांचं भारी वेड. लहानपणी बापाबरोबर मीठ लादलेले बैल हाकत तो घाट उतरायचा, तेव्हा बाकीची पोरं बैलांकडं बघत चालायची अन् हा मात्र डोंगराच्या उघड्या कडा न्याहाळत ठेचाळत चालायचा. म्हातारपणी तांड्यावर कोणी टेकलं की त्याचं सुरू व्हायचं.

"वर काळी माती, तिच्याखाली मुरूम. मंग भोकाभोकाचा मांजऱ्या खडक, मंग काळा पाषाण, मंग लाल मातीचा पट्टा. आन पुन्ना मांजऱ्या, पुन्ना पाषाण. भाकरीवर भाकर ठेवल्यावानी! ती लाल माती भाजलेली हाय बरं का. वरून कोनीतरी आग वतली असंल, एकदा न्हाई, लई बार."

लोक पोट धरून हसायचे. पण विहीर खांदायची म्हटली की हेच हसणारे सकाळी सकाळी त्याच्या दारात उभे!

शिरड शहापूरजवळच्या माळावरची तांड्याची विहीर त्यानंच दाखवलेली. सहा परस खोल, तळाला अखंड काळा पाषाण. वरच्या मांजऱ्याच्या भोकांतून पाणी पाझरायचं आणि सकाळपर्यंत तळाशी गुडघाभर साठायचं. घरटी तीन घागरी मिळत. तेवढ्या पाण्यावर तांडा तेरा वर्षं एका जागी टिकला होता, माळ फोडून ज्वारी पिकवत होता. आसपास दुसरं पाणी नव्हतं, आणि उन्हाळ्यात गावच्या विहिरी गावालाच पुरत नसत.

एकेचाळीस सालच्या चैत्रात तीन घागरींच्या दोन झाल्या. बायका विहिरीवर कचाकचा भांडू लागल्या. तांड्याचा नायक भीमसिंग खेमाकडं आला.

"खेमाकाका, काय करावं?"

खेमाचं उत्तर तयारच होतं. "पाषाण फोडू. आखाडा बाळापूरला म्या या डोळ्यानं पाह्यलं. असाच काळा तळ व्हता, सुरुंग लावला तसं खालून परसभर पानी उसळलं. ह्यो पाषाण म्हंजे झाकण हाय. काढल्याबिगर हंड्यातलं कसं घावंल?"

"हाय ते ऱ्हाऊ द्या की," त्याची बायको निर्मलाबाई म्हणाली. "दोन तर दोन, घागरी भरून तर राहिल्या. हे बी गेलं तर?"

"पानी काय पाय फुटून पळतंय? काहून भिऊन राहिली? दगड मला कळतो का तुला?"

दगडाच्या बाबतीत खेमापुढं तोंड उघडणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीर उपसून तांड्यातली झाडून सारी भांडी भरून ठेवली. कोरड्या तळाला हातभर भोक पाडून दारू ठासली. बार उडाला, माळ हादरला, कुत्री शेपूट घालून पळाली. धूर निवळला तसा खेमा दोराला धरून खाली उतरला. तळाला या कडेपासून त्या कडेपर्यंत बोटभर चीर पडली होती. त्यानं चिरेवर हात धरला. खालून पाणी नाही, नुसता गार वारा लागला.

तेवढ्यात मांजऱ्यातून पाझरलेली धार तळाशी आली, चिरेपर्यंत गेली आणि आत उतरली. मागची धारही तशीच गेली.

खेमानं डोक्याचं पागोटं काढून चिरेत कोंबलं. बायकांनी वरून टोपल्यांनी चिखल सोडला. इथं बुजवावं तर पाणी तिथं वाट काढायचं. उन्हं कलली तरी तो गुडघ्यावर रांगत चिखल थापतच होता, अन् त्याला कळून चुकलं होतं. बाळापूरला जे झाकण होतं, ते इथं बूड होतं. तेरा वर्षं याच दगडानं पाणी धरून ठेवलं होतं, आणि आपण आपल्या हातानं हंड्याचं बूड फोडलं. म्हातारा ढसाढसा रडला.

चौथ्या दिवशी भरलेली भांडी संपली. तांड्यानं सामान बैलांवर लादलं. उशिरा पेरलेल्या ज्वारीची ताटं रानात उभीच राहिली. भीमसिंग खोपटाशी आला, तेव्हा खेमा दारात मान खाली घालून बसला होता.

"शिव्या घाल, नायका. चार लोकांत तोंडावर थुक."

"शिव्या देऊन घागर भरती का, काका?" भीमसिंग थकल्या आवाजात म्हणाला. "उठा. दगड तुमालाच कळतो. कोन्या अंगाला जायाचं ते सांगा."

त्याच्या मागं कडेवर लेकरं घेतलेल्या बाया उभ्या होत्या. साऱ्या खेमाच्या तोंडाकडं बघत होत्या, आणि कुणाच्याच नजरेत राग नव्हता. खेमानं निर्मलाबाईकडं पाहिलं. एकट्या तिनं नजर वळवली. मग त्यानं माळावर चौफेर पाहिलं. सगळीकडं तोच दगड होता, आणि त्याच्याखाली काय आहे ते त्याला मुळीच कळत नव्हतं.

"उगवतीला," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बैल उठले, अन् तांडा उगवतीला चालू लागला.