कागदाएवढं अंतर

खट्‌कन डब्याचं झाकण बसलं. सकाळपासून स्वयंपाकघरात झालेला तो पहिलाच आवाज. समोर बाबा, म्हणजे माझे सासरे, चपट्या पेन्सिलीला सुरीने टोक काढत होते. एकच गोष्ट दोघांच्या डोक्यात होती आणि दोघंही ती ओठांवर येऊ देत नव्हतो.

आम्ही दोघं एकाच शाळेच्या सुतारवर्गात शिकवतो. पुढच्या वर्षी तिथे शिक्षकाची एकच जागा राहणार होती. अकरा वाजता मुख्याध्यापिकाबाई संगणकावर चालणारं, लाकूड कोरणारं नवं सीएनसी मशीन बघायला येणार. ते नीट चाललं तर जागा माझी. नाही तर मशीन परत जाणार आणि जागा बाबांची. त्यांच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं होती.

"चल सूनबाई," ते उठले. "तुझ्या यंत्राला भूक लागली असेल."

पाळणाघर बंद, म्हणून माझी पाच वर्षांची चिमणीही सोबत. वर्गात तिला जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यामागे स्टुलावर बसवलं.

"इथून हललीस तर बघ हं."

"आणि आबा हलले तर?" तिने आजोबांकडे बोट दाखवलं.

"त्यांच्याकडे मी बघते."

फळी बाबांनीच रंधून आणली होती. वाकडं लाकूड मशीनला चालत नाही. त्यांनी फळीवर पट्टी उभी धरली, एक डोळा मिटला, खालून कुठे उजेड येतो का ते पाहिलं आणि मग क्लॅम्प आवळले. मी मशीनच्या बिटाच्या, म्हणजे कोरणाऱ्या पात्याच्या, टोकाखाली कागद सरकवत बिट केसाकेसाने खाली आणलं. कागद जिथे अडकला, तिथे शून्य; मशीन खोली तिथून मोजतं. पातळ बिटाने 'सुतारवर्ग' अशी अक्षरं कोरून निघाली. बाबांनी त्यांवरून अंगठा फिरवला.

"हात नाही, पण हात बसलाय लेकाचा," ते म्हणाले. मला धड हसताही आलं नाही.

आता जाड बिटाने पाटी कडेने कापून काढायची होती. मी त्याचा नट आवळत होते, तोच बाई आल्या. दहा मिनिटं आधीच.

"आई, शू!"

चिमणीला धावत नेलं, धावत आणलं. बाई घड्याळ बघत होत्या. मी ओले हात ओढणीला पुसले आणि मशीन सुरू केलं.

बिट घोंघावत फळीच्या कोपऱ्यावर गेलं. आणि मला बाकावर पडलेला कागद दिसला.

जाड बिट पातळ बिटापेक्षा दोन बोटं लांब होतं. त्याचं शून्य मी लावलंच नव्हतं. ते आता फळी फोडून खालच्या टेबलात घुसणार होतं. मशीन थांबवायचं लाल बटण बाबांच्या बाजूला. मी मशीनला वळसा घालायला निघाले.

बाबांनी बिटाकडे पाहिलं. त्यांच्या नजरेला पट्टी लागत नाही. त्यांना कळलं होतं. हात पाठीमागे तसेच बांधलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बिट खाली येत होतं.

थाडकन त्यांनी बटण दाबलं.

"काय झालं?" बाई दचकल्या.

"फळी सैल राहिली. मीच बांधली होती. माझी चूक."

"इतक्या वर्षांनी, सर?"

"वय झालं, बाई." ते उगाचच क्लॅम्प पुन्हा आवळायला वाकले आणि पुटपुटले, "कागद घे."

मी कागद बिटाखाली सरकवला. शून्य लावलं. या वेळी बिट आलं, टेकलं, आणि लोण्यातून सुरी फिरावी तसं पाटीभोवती फिरून आलं.

"छान!" बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "मॅडम, अभिनंदन. आणि सर, सोमवारी ऑफिसात येऊन जा."

त्या गेल्या. बाबा ब्रशने भुसा गोळा करू लागले, एका कोपऱ्यापासून, सावकाश, रोज करतात तसा. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

चिमणी स्टुलावरून उतरून पट्ट्याला पायाचे अंगठे टेकवून उभी होती, पट्टा न ओलांडता.

"आई," तिने हळूच विचारलं, "आबांची काय चूक झाली?"