चांगुणाचे पापड

पेणला गच्चीवर पापड वाळत घालणं ही काही लपवायची गोष्ट नव्हे. चैत्र-वैशाखात निम्मं गाव गच्चीवरच असतं. पण जनू म्हात्रे त्या दिवशी चोरासारखा जिना चढला, कठड्यावरून इकडेतिकडे बघितलं, जुनी साडी अंथरली आणि डब्यातले पोह्याचे पापड एकेक करून तिच्यावर मांडायला लागला.

पापड गेल्या वर्षीचे होते. त्याच्या बायकोनं, चांगुणानं, लाटलेले. चैत्रात तिनं ते लाटले आणि ज्येष्ठात चार दिवसांच्या तापात ती गेली. तेव्हापासून डबा कपाटात जनूच्या विजारींखाली होता. तो कधीमधी झाकण उघडायचा, वास घ्यायचा, झाकण लावायचा. एकही पापड त्यानं तळला नव्हता. पण काल झाकण उघडलं तर वास सादळल्यासारखा आला. वर्ष झालेल्या पापडांना एकदा कडक ऊन दाखवलं नाही तर त्यांत किडे होतात, एवढं तीस वर्षांच्या संसारात तो शिकला होता.

अडचण एवढीच, की लोकांच्या लेखी हे पापड शिल्लकच नव्हते. तेराव्याला जनूनं ते सगळ्यांसमोर नदीत सोडले होते. म्हणजे बाजारातून विकत आणलेले सोडले होते.

निर्मळलहर परिवाराचा तसा नियमच होता. माणूस गेलं, की त्याच्या हातचं जे घरात असेल ते वाहत्या पाण्यात सोडायचं. लोणचं, पापड, विणलेलं, शिवलेलं, सगळं. परिवाराचे दादागुरू सांगत, की मोबाईलचे टॉवर आल्यापासून मेलेल्यांचे जीव वर जात नाहीत. टॉवरच्या लहरी त्यांना धरून ठेवतात, आणि त्यांच्या हातची वस्तू घरात असली की ती एरियलचं काम करते. हे सरकारला ठाऊक आहे, कंपन्यांना ठाऊक आहे आणि डॉक्टरांना तर गप्प बसण्याचा वेगळा पगार मिळतो.

जनू आणि चांगुणा बरीच वर्षं परिवारात होती. चांगुणा जायची ती भजनासाठी, आणि परिवाराच्या गाडीतून फुकट रोह्याला लेकीकडे जाता यायचं म्हणून. टॉवरचा विषय निघाला की ती पदराआड जांभई द्यायची. जनू मात्र कान देऊन ऐकायचा.

मग दिवाळीच्या आधी एका वादळात रोह्याच्या आश्रमामागचा उंच पत्रा उडाला आणि पत्र्याआड टॉवर निघाला. चांगला तीन मजली. दादागुरू त्याचं भाडं खात होते. लोक आत घुसले तर स्वयंपाकघरात, चांगुणा विकायची त्या पापडांची पाकिटं फोडलेली सापडली, ती जाऊन चार महिने झाले तरी. दादागुरू मागच्या दारानं गेले ते गेलेच. आता सुरतेला फरशीचं दुकान चालवतात म्हणे.

सगळे परिवारातून बाहेर पडले. निदान ते तरी तसं म्हणत. व्हॉट्सॲपवरच्या ‘निर्मळलहर रोहा’ ग्रुपचं नाव बदलून ‘माजी निर्मळलहर रोहा’ झालं. रोज सकाळचे मेसेज तेच राहिले.

"बाबा, हे काय?"

जनू दचकला. जिन्याच्या तोंडाशी त्याची लेक ऋतुजा उभी होती, हातात आंब्याची पिशवी. ती लग्न करून अष्टमीला दिली होती, रोह्याच्या पुलापलीकडे. येण्याआधी फोन करायची सवय तिला नव्हती.

"विकतचे हायेत," जनू म्हणाला.

ऋतुजा खाली वाकली. तिनं एक पापड उचलला आणि त्याच्या कडेला बघितलं. चांगुणा ओला पापड पाटावरून उचलायची तेव्हा तिचा अंगठा कडेला रुतायचा. प्रत्येक पापडावर ती खूण असायची. त्यावरून गिऱ्हाइकं पापड ओळखायची.

"विकतचे?" ऋतुजाचा आवाज फुटला. "म्हणून ती माझ्या स्वप्नात येते. दारात उभी राहते, हात पिठानं भरलेले, आणि काय बोलत नाय. वर्ष झालं बाबा. तुम्ही तिला इथं डब्यात कोंडून ठेवलीत."

"अगो बाय, तो दादागुरू खोटा निघाला ना?"

"तो खोटा असेल. पण आई खरंच येते ना स्वप्नात?"

जनूच्या स्वप्नात ती एकदाही आली नव्हती. लेक गच्चीवर बसून रडायला लागली तसा तो म्हणाला, "बरं. रविवारी येतो घेऊन. सोडू."

*

रविवारी एलियासनं त्याला स्कूटरवर घेतलं. एलियास अष्टमकर हा कंपनीत जनूबरोबर एकाच शिफ्टला होता. पेणमध्ये त्याच्या ज्यू समाजाची आता दोन-तीन घरं उरली होती. त्याची बायको डेबोरासुद्धा मुलीच्या बाळंतपणाला इस्रायलला गेली ती अजून आली नव्हती. एकटा माणूस आणि बोलायला कोणी नाही, त्यामुळे तो हेल्मेटच्या आतूनही बोलायचा.

"जन्या, मला एक सांग. आमच्यात वर्षाच्या दिवशी दिवा लावतात, मेलेल्याचं नाव घेतात, सगळे मिळून जेवतात. माझ्या आईनं विणलेली टोपी मी अजून घालतो. आमची माणसं कशी अडकत नायत? आम्हाला रेंज नाय काय?"

"तू पुढं बघून चालव."

"बघतोय. खड्डेच बघतोय."

वाटेत गडबला ते चहाला थांबले. टपरीवाली बाई भजी तळत होती. जनूनं डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. एलियास म्हणाला, "तेल तापलंय. दोन तळून मागू काय? शेवटचे."

"एल्या, मस्करी नको."

"मस्करी कसली! तुला खायचेत. ऋतुजाला ते घरात नको हायेत. पापड खाऊन दोन्ही होतं. पण तुझी फाटते."

जनूनं चहा संपवला. एलियासचं खरं होतं. एरियलवर त्याचा आता विश्वास नव्हता. पण रात्री डब्याचं झाकण उघडलं की वाटायचं, असलंच खरं तर? ती खरंच कुठं टॉवरला लटकलेली असली तर? खाताही येईना आणि टाकताही येईना, असं वर्ष गेलं होतं.

*

अष्टमीला पोपटशेठचं हार्डवेअरचं दुकान होतं. पोपटशेठ परिवाराचे रोह्याचे प्रमुख होते, आता माजी प्रमुख. रविवारी अर्धं शटर ओढून माजी मंडळी तिथं पाइपांच्या भेंडोळ्यांवर बसायची. ऋतुजा आधीच येऊन बसली होती.

"या जनूभाऊ," पोपटशेठ म्हणाले. "उशीर झाला, पण बुद्धी झाली."

"पोपटशेठ, एक विचारू? दादागुरूंच्या स्वयंपाकघरात हिचेच पापड निघाले ना? ती गेल्यावरसुद्धा ते खात होते. मग त्यांना कसं काय नाय झालं?"

पोपटशेठनी मांडीवर थाप मारली. "हेच! हेच मी सगळ्यांना सांगतो. खरे दादागुरू असते तर शिवले असते? तो डुप्लिकेट होता! टॉवर कंपनीनं खऱ्या दादागुरूंना उचलून नेलं आणि हा बसवला. पापड हाच पुरावा."

"मग सुरतेला कोण हाय?"

"डुप्लिकेट."

"आणि खरे?"

"ते कंपनी कशाला सांगेल?"

एलियासनं एक नळ हातात घेऊन तो उलटसुलट बघायला सुरुवात केली. "शेठ, हा तरी ओरिजनल हाय ना?"

मंडळीतला एकजण हसला आणि पोपटशेठनी बघितल्यावर खोकला. जनूच्या लक्षात आलं, की इथं काही विचारून उपयोग नाही. टॉवर सापडला तरी शिकवण खरी, पापड सापडले तरी शिकवण खरी. जे समोर ठेवावं ते हे लोक पोटात घालणार आणि वर ढेकर देणार.

"चला," तो म्हणाला. "नदीवर चला."

*

कुंडलिकेच्या घाटावर दुपारी कोणी नव्हतं. काठाला पाणी गुडघ्याएवढं, पुढे जरा ओढ होती. मंडळी पायऱ्यांवर उभी राहिली. पोपटशेठनी हात जोडून सांगितलं, "ज्या वस्तूला तिचा हात लागला ती पाण्याला. जो जीव अडकला तो मोकळा. सोडा, जनूभाऊ."

जनू चपला काढून पाण्यात उतरला. झाकण उघडलं. हिंगाचा, जिऱ्याचा, मिरचीचा वास आला. उन्हामुळे सादळलेपणा पार गेला होता. वरच्याच पापडाच्या कडेला अंगठा होता.

त्यानं त्यावर बोट फिरवलं. मग वळला.

"पोपटशेठ, तिचा हात लागलेली वस्तू म्हणालात ना?"

"व्हय."

"मग ही पोरगी आधी सोडायला पायजे. हिला तिनंच घडवली. पाय धरून तेल चोळलंय, वेण्या घातल्यात, वर्गात पोचेपर्यंत घास भरवलेत."

"बाबा!" ऋतुजा म्हणाली.

"आणि मी? तीस वर्षं तिच्याच हातचं खाऊन हा देह झालाय. तिच्या हातचं आमच्या घरात सगळ्यात मोठं मीच हाय. मोठं एरियल. तर मलाच सोडा."

असं म्हणून जनू पाण्यात खाली बसला. फतकल मारून, सदऱ्यासकट. पाणी छातीपर्यंत आलं. आणि बसता बसता त्यानं डबा दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर धरला.

एलियास पायरीवरून म्हणाला, "जन्या, वाहत जायचंय ना तुला? मग डबा कशाला वर धरलास?"

"भिजतील ना!" जनू ओरडला.

ऋतुजा आधी खुदकन हसली आणि मग तिला आवरेना. तिचा बाप नदीत बसला होता, पँटच्या खिशातून बुडबुडे येत होते, आणि पाण्यात सोडायला आणलेले पापड भिजू नयेत म्हणून तो डबा आणखी उंच धरत होता. हसता हसता तिचे डोळे भरले. ती साडी सावरत पाण्यात उतरली, बापाच्या डोक्यावरच्या डब्यात हात घातला, एक पापड काढला आणि कच्चाच मोडून तोंडात टाकला. लहानपणी लाट्या पळवायची तसा.

"ऋतुजा!" पोपटशेठ ओरडले. "थुंक! थुंक आधी!"

"मीठ जरा जास्तच हाय," ती खात खात म्हणाली. "नेहमीसारखं. कोंडलेल्या माणसाच्या हातची चव नाय ही, पोपटकाका. ही आईचीच हाय."

"अगो, पण शिकवण..."

"कुठली शिकवण? तो डुप्लिकेट ना? मग वस्तू सोडायची शिकवण कोणाची होती, खऱ्याची का डुप्लिकेटची? तुम्हाला कसं कळलं?"

एकदम पोपटशेठचा आवाज चढला, आणि तो मघासारखा भाषणाचा आवाज नव्हता.

"माझ्या आईची गोधडी मी इथंच सोडली. ह्याच पायरीवरून. तिच्या लुगड्यांची होती, तिनं स्वतः टाके घातलेली. भिजून फुगली, बुडेना, मी काठीनं ढकलली. आणि आता तुम्ही सांगता, उगाच सोडली?"

जनूला वाटलं होतं, हा माणूस हरला की आपल्याला बरं वाटेल. पण तसं काही वाटलं नाही. तो पाण्यातून उठला, कपडे गळत होते. पायरीवर येऊन पोपटशेठजवळ बसला.

"उगाच कशी? आईचं भलं व्हावं म्हणून सोडलीस ना? मग आईला तेवढं कळलं असेल. टॉवरचं तिला काय करायचंय?"

पोपटशेठनी डब्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं, "मीठ खरंच जास्त हाय?"

जनूनं डबा पुढे केला.

*

डबा परत निघताना बराच हलका झाला होता. ऋतुजानं अर्धे काढून घेतले, वर म्हणाली, "वर्षभर एकट्यानं वास घेत बसलात, लाज नाय वाटली?" माजी मंडळीनंही एकेक मागून घेतला. पोपटशेठनी दोन घेतले, वर्तमानपत्रात बांधून, आणि ग्रुपवर लिहू नका म्हणून सांगितलं.

गडबला एलियासनं न विचारताच स्कूटर थांबवली. टपरीवालीनं दोन पापड तेलात सोडले. ते फुलले, कडेचा अंगठा आधी मोठा झाला आणि मग फुग्यात मिसळून गेला. जनू बघत होता. मग मोडून खाल्ला. मीठ जास्तच होतं.

"किती उरले?" एलियासनं विचारलं.

"मोजले नाय."

टपरीवालीनं पडलेला तुकडा तोंडात टाकला. "काका, कोणाचे हो हे? लय भारी हायेत. मला पायजेत, इथं ठेवायला."

"चांगुणाचे हायेत," जनू म्हणाला. "माझी बायको."

"मग सांगा ना तिला. म्हणावं, गडबवाली वाट बघतेय."

जनूनं ओला सदरा अंगापासून सोडवला आणि अर्धा राहिलेला पापड हातात फिरवला.

"सांगतो," तो म्हणाला.

"सांग, सांग," एलियास स्कूटरला किक मारत म्हणाला. "रेंज चांगली हाय इथं."