कोऱ्या रकान्यातली सोनिका

मित्रांनो, मी एक कीबोर्ड आहे. जुना, कळकट आणि सध्या पुरता गोंधळलेला. शुद्ध मराठीत मला कळफलक म्हणतात म्हणे, पण आमच्या ग्वाल्हेरात त्या नावाने मला कोणी हाक मारलेली नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. समज आली ती टोपी बाजारात, लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात. 'आपले आगमन प्रार्थनीय आहे' हे मला झोपेतही येत असे. लग्नसराईत मालक माझ्या पाठीवर थाप देऊन म्हणायचा, "भाई, टिकाऊ माल है!" त्या कौतुकापायी माझी कित्येक बटणे घासून कोरी झाली. मग नवा कीबोर्ड आला आणि मी खोक्यात गेलो. तिथून मला दौलतगंजच्या सीमंतिनीताईंनी उचलले.

ताई निवृत्त शिक्षिका. घरच्या बैठकीतून मराठी वधू-वर मंडळ चालवतात. त्यांची भाची श्रुती हिने मंडळाची सगळी माहिती कॉम्प्युटरात भरून दिली आणि म्हणाली, "मावशी, आता याला विचारायला शिका." झाले, माझ्या गोंधळाची सुरुवात तिथून झाली.

विचारायची म्हणे एक वेगळीच भाषा असते. आधी 'सिलेक्ट', म्हणजे निवडून दाखव. मग कुठून ते सांगायचे, मग 'व्हेअर' म्हणून अट घालायची आणि शेवटी अर्धविराम. पत्रिकेत माणसे किती आर्जवाने बोलायची! इथे ना कृपया, ना नमस्कार. त्यात मी पडलो उताणा. पडद्यावर काय उमटते ते मला दिसत नाही. दिसतो तो छताचा पंखा आणि ताईंचा चेहरा. चेहऱ्यावरून बहुतेक वेळा चुकलेलेच वाटायचे.

"सेमीकोलन राहिला, मावशी. उसके बिना नहीं चलेगा," श्रुती म्हणायची.

"अगं, मी काय मागतेय ते कळलंय ना त्याला? मग नखरे कशाला?"

मलाही अगदी हेच विचारायचे होते.

हळूहळू एक वाक्य ताईंच्या बोटांत बसले. मुलाकडचे आले की त्यांचे गोत्र विचारायचे आणि ते काश्यप असेल तर लिहायचे, 'ज्यांचे गोत्र काश्यप नाही अशा मुली दाखव.' सगोत्र नको ना! यादी निघायची, मंडळी खूश आणि ताईही खूश.

एका दुपारी उषाताई आल्या. त्या नर्स होत्या. लग्न केले नाही, पण सोनिकाला तान्हेपणीच दत्तक घेऊन लाडाने वाढवले. त्यांनी चहाला हातसुद्धा लावला नाही.

"सीमंतिनीताई, नाव देऊन दोन साल झाले, पोरीसाठी एक फोन नाही. तिचे आई-बाप कोण ते ठाऊक नाही, म्हणून नाव काढून टाकलंत का? मला बुरा नाही वाटणार. बस, खरं सांगून द्या."

"उषाताई, असं मी करेन?" ताईंचा चेहरा पार उतरला.

उषाताई गेल्या आणि ताई माझ्यापाशी बसल्या. सोनिकाचे नाव मागितले, तर लगेच आले. काश्यप नसलेल्या मुली मागितल्या, त्यांत सोनिका नाही. बरे, काश्यप असलेल्या मागितल्या, तर त्यांतही नाही! मुलगी आहे आणि नाहीही? माझे तर डोकेच चालेना. हे सगळे मला ताईंच्या पुटपुटण्यावरूनच कळत होते. त्यांनी श्रुतीला बोलावून घेतले.

"माझ्याच हातून झालं का गं हे?"

"तिचं गोत्र काय लिहिलंय?"

"काहीच नाही. उषाताई म्हणाल्या होत्या, जे ठाऊक नाही ते खोटं कशाला लिहू. रकाना कोराच ठेवला."

"मग तेच, मावशी. आपण विचारतो, हिचं गोत्र काश्यपहून वेगळं आहे का? त्याला पता नाही. तो हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. चुपचाप सोडून देतो. कोणतंही गोत्र विचारा, हर बार."

"पूर्वी वहीची पानं उलटताना निदान नजरेखालून तरी जायची पोर," ताई पुटपुटल्या.

कोऱ्या रकान्याबद्दल वेगळे विचारावे लागते, 'इज नल', म्हणजे 'कोरे आहे', असे लिहून. ताईंनी लिहायला घेतले आणि त्यांचे बोट माझ्या 'एन'च्या बटणावर अडखळले. त्यावरचे अक्षर कधीच पुसले गेले आहे.

"नवा कीबोर्ड घ्या आता. याच्यावर काही दिसतच नाही," श्रुती म्हणाली.

"दिसत नाही, पण आहे तिथे," ताई म्हणाल्या आणि त्यांनी ते बटण दाबले.

सोनिका आली. एकटी नाही, तिच्यासारख्या आणखी काही कोऱ्या रकान्यांच्या मुली आल्या. ताईंनी एकेक नाव मोठ्याने वाचले. मला फार वाईट वाटले. मग त्यांनी फोन लावला.

"उषाताई, नाव काढलं नव्हतं. पण मी विचारतच अशी होते की ती सुटून जायची. चूक माझी. आता प्रत्येक यादीत जाईल."

"मग फोन येईल?" पलीकडून उषाताईंनी विचारले.

"ते लोकांच्या हातात. पण आता नाही म्हणायलासुद्धा त्यांना तिचं नाव वाचावं लागेल."

मित्रांनो, ती भाषा मला अजून धड कळलेली नाही. अर्धविरामाचा राग तर गेलेलाच नाही. तुम्ही शिकाल तेव्हा माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या फटींतली धूळ अधूनमधून फुंकून काढा आणि पुसलेली बटणे बघून त्याला फेकू नका. आणि यादी हातात आली की लगेच उठू नका. तिच्यात कोण आले नाही, तेही एकदा विचारा.