‘युनिक’ची चामखीळ

जीभ झडो माझी, दात सगळे गळून पडोत (उरलेत चारच, पण पडोत), यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्याने त्या गल्लीत जाऊन थोरल्या कुलूपवाल्याचं नाक बघून यावं. अजून डावीकडेच वळलेलं आहे.

तर त्या गल्लीत पाट्या रंगवणारी एक बाई होती. सगळे तिला पेंटरबाई म्हणायचे. अक्षर असं वळवायची की माणूस आधी पाटी बघत उभा राहायचा आणि दुकानात काय मिळतं ते नंतर विचारायचा. घरात ती आणि तिची नणंद, दोघीच. नणंद शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि घरी आली तरी तिचं शिकवणं काही थांबायचं नाही.

पेंटरबाईची कामाची एक रीत होती. मोठं अक्षर आधी कागदावर काढायचं, रेघेवर सुईने बारीक भोकं पाडायची, मग तो कागद पाटीवर धरून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटायची. कागद उचलला की पाटीवर ठिपक्याठिपक्यांचं अक्षर तयार. नुसता रंग भरायचा. एकदा टोचलेला कागद वर्षानुवर्षं पुरतो.

त्या सुमारास लोकांना ‘युनिक’ या शब्दाचं वेड लागलं होतं. जो तो यायचा आणि म्हणायचा, “बाई, दुकानाचं नाव युनिक.” बाईने एकदाच काय तो कागद टोचला. टोचताना सुई घसरली आणि ‘क’च्या पाठीवर चार भोकं जास्तीची पडली. झालं, तेव्हापासून तिच्या प्रत्येक ‘युनिक’मधल्या ‘क’ला चामखीळ. कुणी विचारलंच, की ती मान वाकडी करून म्हणायची, “ही खूण फक्त तुमच्यासाठी हो. दुसऱ्या कुणाच्या पाटीवर दिसली तर हा हात तोडून देईन.”

गिऱ्हाईक खूश. दुसऱ्याची पाटी बघायला वेळ कुणाला असतो? प्रत्येक जण सकाळी उठून आपलीच बघणार.

नणंद मात्र चिडायची. “अहो वहिनी, युनिक म्हणजे जगात एकच. दुसरं निघालं की संपलं त्याचं युनिकपण. गावात एकोणीस युनिक कसे असतील?”

“वन्सं, मी रंग देते. अर्थ तुम्ही द्या.”

आता कुलूपवाले. दोघे सख्खे भाऊ. बापाने हयातभर एकाच दुकानात कुलपं घडवली, ‘युनिक’ नावाने विकली आणि एक दिवस ऐरणीवरच मान टाकली. तेराव्या दिवसाचीही वाट न बघता भावांनी दुकानाच्या मधोमध भिंत घातली. भिंत घालताना थोरल्याने धाकट्याच्या पायावर वीट टाकली, धाकट्याने थोरल्याच्या पाठीत थापी हाणली, आणि तिथून जी सुरुवात झाली ती सहा वर्षं चालू होती. नाव कुणीच सोडेना. दोघांच्याही पाट्या पेंटरबाईच्याच हातच्या.

मग धाकट्याने पाटीवर वाढवून घेतलं, ‘व्हेरी युनिक’. दुसऱ्या दिवशी थोरल्याने त्याच्या खिडकीतून घण आत फेकला आणि बाईकडे येऊन ‘मोस्ट युनिक’ करून घेतलं. त्यावर धाकट्याने थोरल्याच्या सायकलचा पार चुराडा केला.

नणंदेने कपाळाला हात लावला. “मोस्ट युनिक? अहो, माणूस मेला की मेला. ‘खूप मेला’, ‘सगळ्यात जास्त मेला’ असं म्हणतो का आपण? तसंच आहे हे.”

“दोघांची चाल बघता, त्यातलाही फरक लवकरच कळेल,” पेंटरबाई ब्रश धूत म्हणाली.

आणि कळलाच असता. सोमवारची गोष्ट, भर दुपार. धाकट्याने थोरल्याच्या दारात लोखंडाचा कीस ओतला. थोरला शिडीवर चढला, स्वतःचीच पाटी खिळ्यांसकट उपटली आणि ती दोन्ही हातांत धरून धाकट्यावर धावून गेला. धाकट्याने बचावाला आपली पाटी काढून पुढे धरली. धाड! पाटीवर पाटी. पुन्हा धाड! थोरल्याच्या भुवईतून रक्त, धाकट्याचा ओठ फाटलेला. धाकटा खाली पडला, थोरला त्याच्या छातीवर बसला आणि पाटी गळ्यावर दाबू लागला. धाकट्याचे डोळे पांढरे व्हायला आले. तेवढ्यात थोरल्याची नजर शेजारी पडलेल्या दुसऱ्या पाटीवर गेली.

तो थांबला. गळ्यावरची पाटी उचलली, दुसरीला लावून बघितली.

“अरे,” तो म्हणाला, “तुझ्या ‘क’लाही चामखीळ?”

धाकटा खोकत खोकत उठला. “माझ्याच ‘क’ला आहे, दादा. बाई म्हणाली होती, फक्त तुमच्यासाठी.”

“मलाही तेच म्हणाली.”

सहा वर्षांत हे त्यांचं शिव्यांशिवायचं पहिलं बोलणं. दोघांनी एकमेकांचा हात धरला आणि रक्त ठिबकवत थेट पेंटरबाईचं घर गाठलं.

बाई ब्रशला नीट टोक काढत बसली होती. दोघांनी तिला उचललं, तशीच थोरल्याच्या दुकानात आणली आणि तिचा उजवा हात टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात घातला. ज्या शिकंज्यात किल्ली धरून कानस मारतात, त्यात. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघांचे हात एका दांड्यावर आले. शिकंजा बोटांना टेकला.

“हात तोडून देईन म्हणाली होतीस ना?” थोरला म्हणाला. “आता खरं सांग. पहिली पाटी कुणाची? खरा युनिक कोण?”

पेंटरबाईने आधी थोरल्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे. थोरल्याचं नाव घ्यावं तर धाकटा दांडा फिरवणार, धाकट्याचं घ्यावं तर थोरला. तिला बोटांपलीकडे काही दिसेना. या बोटांनीच तर घर चालत होतं.

“तुम्हा दोघांचीही नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“पहिली सलूनवाल्याची.”

आता तमाशा बघायला अख्खी गल्ली दारात जमलेलीच होती, आणि सलूनवाला सगळ्यात पुढे, एका अर्धवट दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट. त्याने मागे वळून समोरच्या टेलरच्या पाटीकडे बघितलं. टेलरने लाँड्रीवाल्याच्या पाटीकडे बघितलं. लाँड्रीवाल्याने बँडवाल्याच्या. सगळ्यांच्या माना वर, आणि सगळीकडे तीच चामखीळ.

“पहिली माझी! ऐकलंत ना?” सलूनवाला ओरडला. “उतरवा बाकीच्यांनी!”

“उतरवतो, थांब, आधी तुला उतरवतो,” म्हणून टेलरने त्याच्या पोटात गज हाणला.

मग जे जुंपलं! दोघे भाऊ सोडून उरलेले सतराच्या सतरा युनिक एकमेकांच्या उरावर. लाँड्रीवाल्याची इस्त्री गरम होती. टेलरच्या पाठीवर तिचा त्रिकोण आजही आहे. बँडवाल्याने तुतारीने चौघांची डोकी फोडली, पाचव्याने तीच तुतारी त्याच्या डोक्यात घातली. सलूनवाल्याचा कान चावला गेला, आणि चावणारा होता त्याचंच अर्धवट दाढीचं गिऱ्हाईक. पाट्या खाली येत होत्या, चिरफाळत होत्या, त्यांच्या फळ्या घेऊन लोक एकमेकांना झोडपत होते. गटारात रक्त आणि लाल ऑइलपेंट एकत्र वाहत होतं. कुठलं काय ते कुणाला कळेना.

दुकानात भाऊ अजून दांड्याला धरून उभे. एवढ्यात मारामारीचा लोंढा दारातून आत घुसला. कुणीतरी कुणाला तरी ढकललं, तो धाकट्यावर, धाकटा थोरल्यावर, आणि दोघांचा भार दांड्यावर. कट्! पुन्हा एकदा, कट्!

पेंटरबाई अशी किंचाळली की बाहेर तुतारी थांबली.

नणंद शाळेतून येत होती. हातात चार किलोची डिक्शनरी, सगळ्या गल्लीला एकदाचा ‘युनिक’चा अर्थ दाखवते म्हणून आणलेली. ती गर्दी कापत आत आली, वहिनीचा हात बघितला, आणि ती डिक्शनरी दोन्ही हातांनी उचलून थोरल्याच्या तोंडावर घातली. नाक डावीकडे गेलं ते तेव्हा. परतीच्या फेरीत धाकट्याचे दोन दात. मग तिने शिकंजा सैल केला.

“अर्थ कळला?” तिने विचारलं.

“कळला, ताई,” धाकटा हातात दात घेऊन म्हणाला.

पेंटरबाईची दोन बोटं गेली ती गेलीच. असतात नुसती, वळत नाहीत. तिने तो टोचलेला कागद चुलीत घातला आणि चार महिने ब्रशला शिवली नाही. मग डाव्या हाताने धरला. अक्षर असं यायला लागलं, जसं काही ते गल्लीतल्या त्या मारामारीतूनच लंगडत घरी चाललंय. एक ‘क’ दुसऱ्यासारखा काही केल्या येईना.

एके दिवशी दोन्ही भाऊ दारात उभे. माना खाली.

“पाट्या हव्यात,” थोरला म्हणाला. आवाज नाकातून.

“काय लिहू?”

“नुसतं ‘कुलपं’,” धाकटा म्हणाला.

तिने डाव्या हाताने दोन्ही रंगवल्या. दोघांनी त्या शेजारी शेजारी लावल्या, मागे सरून बघितल्या.

“माझा ‘क’ जास्त वाकडा आहे,” थोरला म्हणाला.

“हट्, माझा बघ! असा वाकडा दुसरा कुठे नसेल!”

पहिला घण खिडकीतून गेला तेव्हा पेंटरबाई रंगाची पेटी बंद करून घराकडे निघालीही होती. मागे काचा फुटत होत्या. तिने वळून बघितलं नाही.

बरं, आता चार दातांची भीती वाटायला लागली, तर सांगून टाकते. एवढं एकच रचलं. कागद चुलीत घातला म्हटलं ना, तो घातला नव्हता. अजून माझ्या गादीखाली आहे, घडी घालून. भोकं अगदी साफ आहेत, चामखिळीची चारसुद्धा.